इंडेक्स आहे, पण प्लॅनर तो घेत नाही: पोस्टग्रेसच्या अवजारांचा रिव्ह्यू

डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस चांगलं की मायएसक्यूएल, या वादात मला पडायचं नाही. डेटाबेस निवडून झालाय, काही वर्षं चालतोय, आणि एके दिवशी व्यवस्थित इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) असूनही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) रखडायला लागली, की हाताशी कुठली अवजारं असतात आणि ती कितपत कामाची आहेत, एवढंच इथे लिहितेय. काही पोस्टग्रेससोबतच येतात, काही एक्स्टेंशन म्हणून वरून बसवावी लागतात. पैसे कशालाच पडत नाहीत. मी कोल्हापुरात दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस सांभाळते, त्यामुळे उदाहरणं सगळी दुधाची येणार.

आमचं मुख्य टेबल संकलनाचं. एक सभासद, एक वेळ, एक ओळ: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम, बिलाची स्थिती. साधारण चौदा हजार सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, म्हणजे वर्षाला कोटभर ओळी. सध्या साडेतीन कोटींच्या घरात आहे. डेटाबेसच्या दुनियेत हे टेबल काही अवाढव्य नाही. पण पहाटे संस्थेच्या काउंटरवर रांग असते, आणि स्क्रीन अडकली की सचिव थेट मलाच फोन लावतात. "मॅडम, मागच्या पावत्या दिसंना झाल्यात, माणसं कॅन घिऊन थांबल्यात की!"

सुरुवात एक्स्प्लेनपासून, म्हणजे पोस्टग्रेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणाऱ्या कमांडपासून, कारण बाकी सगळी अवजारं त्यानंतर. आमच्याकडे सभासदाच्या शेवटच्या दहा पावत्या दाखवणारी एक स्क्रीन आहे. क्वेरी अगदी साधी: सभासद_क्र अमुक, नोंद_क्र उतरत्या क्रमाने, लिमिट १०. सभासद_क्रवर इंडेक्स आहे, नोंद_क्र ही प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीचा स्वतःचा क्रमांक. बहुतेकांची स्क्रीन पापणी लवायच्या आत येते, पण काही मोजक्या सभासदांची आठ-दहा सेकंद येत नाही. आमचा प्रणव म्हणाला, "ताई, इंडेक्स करप्ट झालाय, रीइंडेक्स मारून टाकू." रीइंडेक्स मारून टाकू, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधू, हे आमच्या ऑफिसात पॅरासिटामॉलसारखं झालंय, काहीही दुखलं तरी तेच.

एक्स्प्लेन चालवताना ॲनलाइज (क्वेरी खरोखर चालवून मोजणारा) आणि बफर्स (किती पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, वाचली ते सांगणारा) हे दोन्ही पर्याय लावा, नाहीतर अर्धीच गोष्ट कळते. चालवलं. प्लॅनरने, म्हणजे क्वेरी कुठल्या रस्त्याने चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने, सभासदाचा इंडेक्स घेतलाच नव्हता. 'इंडेक्स स्कॅन बॅकवर्ड' असं होतं, आणि इंडेक्स होता प्रायमरी कीचा. त्याखाली 'रोव्ज रिमूव्ह्ड बाय फिल्टर' या ओळीत सहासष्ट लाखांच्या पुढचा आकडा. म्हणजे सगळ्यात ताज्या नोंदीपासून उलटं चालायला सुरुवात केली, प्रत्येक ओळीला 'तू त्या सभासदाची का?' म्हणून विचारलं, आणि असं करत करत आठ महिने मागे गेला. सभासदाने आठ महिन्यांपूर्वी म्हैस विकली होती. तेव्हापासून संस्थेत त्याचं दूधच नव्हतं.

आता प्लॅनरच्या बाजूने हिशेब करून बघा. त्याच्या आकडेवारीत या सभासदाच्या अडीच हजार पावत्या आहेत. साडेतीन कोटीत अडीच हजार म्हणजे दर चौदा हजार ओळींमागे एक. दहा हव्यात, तर एक लाख चाळीस हजार ओळी चाळल्या की काम झालं. प्रायमरी कीच्या क्रमाने गेलं तर टेबलाची पानं पाठोपाठ लागतात, ती स्वस्त पडतात. याउलट सभासदाच्या इंडेक्सवरून गेलं तर अडीच हजार ओळी टेबलभर विखुरलेल्या, जवळपास प्रत्येकीसाठी ८ केबीचं वेगळं पान, आणि रँडम_पेज_कॉस्ट (सुटं पान वाचण्याची धरलेली किंमत) मुळात ४ असते, तर सलग पान वाचण्याची किंमत १. खर्च दहा हजारांच्या आसपास जातो. उलटं चालणं त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून ते निवडलं. आणि रोज दूध घालणाऱ्या सभासदाला हा अंदाज तंतोतंत लागू पडतो: दहा पावत्या म्हणजे पाच दिवस, पाच दिवसांच्या सगळ्यांच्या मिळून नोंदी एक लाख चाळीस हजार! चूक फक्त एका गृहीतकात आहे. प्लॅनर धरून चालतो की कुणाच्याही ओळी टेबलभर सारख्या पसरलेल्या असतात. म्हैस विकलेली त्याला कळत नाही.

ऑर्डर बाय आणि लिमिट एकत्र आले की हा घोटाळा कुठल्याही धंद्यात होतो. ग्राहकाच्या शेवटच्या ऑर्डरी, खात्यातले शेवटचे व्यवहार, सगळीकडे. नोंद_क्र अधिक शून्य असं लिहून प्लॅनरला चकवायची युक्ती जुनी आहे आणि चालते, पण दोन वर्षांनी कोणीतरी 'हे शून्य कशाला?' म्हणून काढून टाकतं. खरा इलाज म्हणजे सभासद_क्र आणि नोंद_क्र या दोन्हींवर मिळून एक इंडेक्स. त्यात त्या सभासदाच्या नोंदी आधीच क्रमाने लावलेल्या असतात, शेवटच्या दहा उचलायच्या आणि थांबायचं. शिवाय नुसत्या सभासद_क्रवरचा जुना इंडेक्स मग काढून टाकता येतो.

एक्स्प्लेनवर माझी एकच मोठी तक्रार आहे, पण ती दरवेळी येते. निवडलेला प्लॅन ते मनमोकळेपणाने दाखवतं, नाकारलेल्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दुसरा रस्ता कितीने हरला, थोडक्यात की दणकून, हे कळलं तर अर्धं काम तिथेच होईल. ते कळण्यासाठी आपल्या सेशनमध्ये (जोडणीत) इनेबल_सीक्वस्कॅन (टेबल सलग वाचणं) किंवा इनेबल_इंडेक्सस्कॅन बंद करून पुन्हा एक्स्प्लेन चालवावं लागतं. पण हे स्विच स्कॅनच्या प्रकारावर चालतात, एका विशिष्ट इंडेक्सवर नाही. आमच्या केसमध्ये दोन्ही पर्याय इंडेक्सचेच, तिथे यातला नेमका एकच बंद करता येत नाही. ट्रान्झॅक्शन (बदलांचा एक गठ्ठा) उघडून इंडेक्स ड्रॉप करायचा, एक्स्प्लेन बघायचं आणि रोलबॅक करून सगळं परत घ्यायचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. प्रॉडक्शनवर हे करू नका. ड्रॉप इंडेक्स टेबलावर पूर्ण लॉक घेतो, आणि रोलबॅक होईपर्यंत साधं सिलेक्टही मागे रांगेत उभं राहतं.

या पोकळीत हायपोपीजी हे एक्स्टेंशन बरोबर बसतं. प्रत्यक्षात न बनवलेला इंडेक्स 'आहे असं समज' म्हणून प्लॅनरला सांगता येतं. डिस्कवर काही लिहिलं जात नाही, दुसऱ्या सेशनला पत्ताही लागत नाही. मग एक्स्प्लेन केलं की तो काल्पनिक इंडेक्स प्लॅनमध्ये आला की नाही ते दिसतं, त्याचा अंदाजे आकारही विचारता येतो. १.४ आवृत्तीपासून उलटंही करता येतं: असलेला इंडेक्स लपवायचा आणि तो नसता तर काय झालं असतं ते बघायचं. वरची तक्रार यामुळे बऱ्यापैकी भागते. मर्यादा उघड आहे, हे सगळं नुसत्या एक्स्प्लेनपुरतं. ॲनलाइज लावलं की क्वेरी खरोखर चालवावी लागते आणि काल्पनिक इंडेक्सवर काही चालत नाही. पण नवा इंडेक्स बनवून, तासभर डिस्क घासून, शेवटी प्लॅनर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांनी हे आजच बसवून घ्यावं.

रँडम_पेज_कॉस्टबद्दल थोडं. ४ हा आकडा फिरत्या डिस्कच्या काळातला. एसएसडीवर बरेच जण तो १.१ पर्यंत खाली आणतात, मीही आणलाय. वरच्या क्वेरीचा हिशेब १.१ ने केला तर अडीच हजार पानांचा खर्च तीन हजारांच्या खाली येतो आणि पारडं सभासदाच्या इंडेक्सकडे झुकतं. म्हणजे दुखणं औषधाशिवाय बरं झाल्यासारखं दिसतं. पण ज्याच्या पावत्या आणखी जास्त आहेत त्याच्यासाठी पुन्हा फिरतं. सेटिंग बदला, ते योग्यच आहे, फक्त त्यावर विसंबून जोड-इंडेक्स टाळू नका. इफेक्टिव्ह_कॅश_साइझही जागेवर आहे का बघा. मुळातली ४ जीबी असते, ६४ जीबीच्या सर्व्हरवर ती तशीच पडलेली मी पाहिली आहे. त्याने मेमरी वापरली जात नाही, प्लॅनरला फक्त कॅशला किती मेमरी आहे याचा अंदाज मिळतो.

क्रिएट स्टॅटिस्टिक्स २०१७ साली १० व्या आवृत्तीत आलं आणि अजून लोक वापरत नाहीत. सभासद कुठल्या तरी एकाच संस्थेचा असतो. क्वेरीत संस्था आणि सभासद दोन्ही अटी घातल्या की प्लॅनर दोन्ही शक्यतांचा गुणाकार करतो आणि अडीच हजारांच्या जागी दोन-चार ओळी येतील असं धरतो. एकदा ओळी इतक्या कमी धरल्या की पुढचे जॉइन (टेबलं जोडण्याचे टप्पे) सगळे चुकत जातात. हे दोन कॉलम एकमेकांशी बांधलेले आहेत, एवढं एका कमांडने सांगता येतं. त्यानंतर ॲनलाइज (एक्स्प्लेनचा पर्याय नव्हे, आकडेवारी गोळा करणारी वेगळी कमांड) करायला विसरू नका, नाहीतर ती नुसती नोंद राहते. बस, एवढंच.

आता फुगवट्याकडे, म्हणजे टेबलात आणि इंडेक्समध्ये साठत जाणाऱ्या मेलेल्या, वाया जागेकडे. ब्लोट हा शब्दच सगळे वापरतात, मीही तोच वापरते.

पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ तिथेच ठेवून नवी लिहितं. जुनी कुणाला दिसायची गरज उरली नाही की व्हॅक्यूम ती झाडतं. बदललेला कॉलम कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सना हात लावावा लागत नाही. हॉट अपडेट म्हणतात ते हेच, २००८ च्या ८.३ पासून आहे. पण कॉलम एका जरी इंडेक्समध्ये असला, तरी टेबलावरच्या सगळ्याच इंडेक्समध्ये नवी नोंद पडते. आमच्याकडे दर दहा दिवसांनी बिल होतं: बाकी, तयार, जमा अशी स्थिती बदलत जाते. आणि 'बाकी असलेली बिलं दाखवा' यासाठी कोणे एके काळी बिल_स्थितीवर इंडेक्स टाकलेला होता. तीनच किमती (व्हॅल्यू) असलेल्या कॉलमवर! म्हणजे प्रत्येक पावती आयुष्यात निदान दोनदा अपडेट होणार, आणि प्रत्येक वेळी सहाच्या सहा इंडेक्समध्ये नवी नोंद. त्यात दिवाळी. दिवाळीला दरफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम, निघतो, वर्षभराच्या कोटभर ओळींना हात लागतो.

इथे एक खाचखळगा आहे तो सांगून ठेवते, कारण प्रणवने लगेच सुचवलं की सगळ्यावर इंडेक्स नको, फक्त 'बाकी' असलेल्या ओळींवर पार्शल इंडेक्स टाकू. आकार एकदम लहान होतो हे खरं. पण पार्शल इंडेक्सच्या अटीत जो कॉलम असतो तोही हॉट अपडेटच्या आड येतो. फुगणं थांबत नाही. आम्ही शेवटी बिलाची स्थिती या टेबलातून उचलून सभासद आणि दहा दिवसांचा काळ यावरच्या वेगळ्या छोट्या टेबलात नेली. हे कुठल्याही अवजाराने सुचवलं नसतं.

मोजायचं कशाने? इंटरनेटवर ब्लोट मोजणाऱ्या लांबलचक क्वेरी मिळतात. त्या पीजी_स्टॅट्स या आकडेवारीच्या तक्त्यातल्या सरासरीवरून इंडेक्स किती मोठा असायला हवा होता याचा अंदाज बांधतात. झटकन होतात, पण १३ व्या आवृत्तीपासून बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचा) इंडेक्स एकसारख्या किमती एकत्र करून साठवतो, ते यांच्या गणितात धरलेलं नसेल तर भलतेच आकडे येतात, कधी उणे ब्लोटसुद्धा. अंदाज म्हणून बघा, त्यावरून रात्रीचं काम ठरवू नका. खरं मोजमाप हवं तर पीजीस्टॅटटपल हे पोस्टग्रेससोबतच येणारं एक्स्टेंशन चालू करा आणि त्यातलं पीजीस्टॅटइंडेक्स वापरा. त्यात 'ॲव्हरेज लीफ डेन्सिटी' असा आकडा मिळतो. ताज्या बी-ट्रीची पानं साधारण ९० टक्के भरलेली असतात, कारण फिलफॅक्टर (पान किती भरायचं ते सेटिंग) मुळात तोच आहे. आमच्या जोड-इंडेक्सचा आकडा ४० च्या जवळ आला होता. २.४ जीबीचा इंडेक्स, जो साडेतीन कोटी नोंदींना १.१ जीबीत मावायला हवा. तक्रार एकच: हे फंक्शन पूर्ण इंडेक्स वाचून काढतं, त्यामुळे पहाटेच्या संकलनात चालवायची गोष्ट नव्हे.

५० किंवा ६० दिसलं म्हणून घाबरू नका. व्हॅक्यूम इंडेक्समधली पूर्ण रिकामी झालेली पानं पुन्हा वापरात आणतं, अर्धवट भरलेली पानं एकत्र करत नाही. चालत्या इंडेक्सची थोडी जागा मोकळी असणारच, आणि ती नवीन नोंदींना कामीही येते. बघायचं ते वाढत चाललंय का, आणि एक्स्प्लेनच्या बफर्समध्ये त्याच क्वेरीला लागणारी पानं वाढलीत का. प्लॅनरवर याचा थेट परिणाम होतो, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. प्लॅन बनवताना तो इंडेक्सचा त्या क्षणीचा खरा आकार बघतो. पानं दुप्पट झाली की तो इंडेक्स महाग दिसतो. दोन इंडेक्समध्ये काठावरची निवड असेल तर फुगलेला हरतो, आणि कोड न बदलता, डेटा फारसा न वाढता क्वेरीने रस्ता बदलला असं आपल्याला दिसतं.

आमचा इंडेक्स ४० पर्यंत का उतरला, याचं उत्तर व्हॅक्यूम व्हर्बोसमध्ये, म्हणजे व्हॅक्यूमच्या सविस्तर अहवालात, मिळालं. लाखो ओळी मेलेल्या, पण अजून काढता येत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. कुणीतरी जुना स्नॅपशॉट (डेटाचं एका क्षणाचं चित्र) धरून बसलं होतं. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू जोडण्यांच्या यादीत बॅकएंड_एक्समिनवर (कुणाचा स्नॅपशॉट किती जुना ते सांगणारा कॉलम) लावून बघितलं तर सगळ्यात वर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसती बसलेली जोडणी, शुक्रवार संध्याकाळपासून. एका कार्यालयातल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर रिपोर्टचं टूल उघडं होतं. ओडीबीसीने (डेटाबेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरने) कर्सर (ओळी थोड्या थोड्या आणायची सोय) उघडून पहिली काही पानं आणली होती, माणूस घरी गेला होता, आणि कर्सर आमच्या डेटाबेसात तसाच उघडा. तेव्हापासून झालेला एकही अपडेट झाडता येत नव्हता. पोस्टग्रेस १४ पासून इंडेक्सचं पान फुटण्याआधी त्यातल्या ओळींच्या जुन्या आवृत्त्या जागच्या जागी काढायची सोय आहे, आणि ती चांगलीच आहे, पण आवृत्ती कुणालातरी दिसू शकते म्हटल्यावर तीही हात बांधून बसते. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट हे सेटिंग ९.६ पासून आहे. रिपोर्टच्या यूजरला दहा मिनिटांचं लावून टाकलं. चार दिवस तक्रारी आल्या, मग सवय झाली.

सोबत ऑटोव्हॅक्यूमही बघा. मुळातल्या सेटिंगने टेबलाच्या २० टक्के ओळी मेल्याशिवाय तो हलत नाही. साडेतीन कोटींवर ते सत्तर लाख होतात. हे त्या एका टेबलापुरतं ०.०१, म्हणजे १ टक्का, करता येतं. सगळ्या डेटाबेसला लावायची गरज नाही.

रीइंडेक्स कन्करंटली हे २०१९ च्या १२ व्या आवृत्तीतलं अवजार माझं सगळ्यात आवडतं. नवा इंडेक्स शेजारी बांधतं, टेबलावर लिहिणं-वाचणं चालू राहतं, मग अदलाबदल करतं. २.४ चा १.१ जीबी झाला आणि एकाही सचिवाचा फोन आला नाही. खटकणाऱ्या गोष्टी तीन. नव्या इंडेक्सपुरती मोकळी डिस्क आधी हवी, आणि बहुतेक वेळा डिस्क भरत आली म्हणूनच आपण हे करायला निघालेलो असतो. दुसरं, ते जुनी ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघतं, वरच्यासारखा उघडा कर्सर असेल तर बघतच राहतं. तिसरं, मध्येच फसलं तर शेपटीला '_सीसीन्यू' लावलेला एक अवैध इंडेक्स मागे राहतो. क्वेरीला तो उपयोगाचा नाही, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार पडू शकतो. तो हाताने काढावा लागतो, आपोआप जात नाही. आणि कुणी अजून १४.० ते १४.३ वर असेल तर आधी पुढे सरका. त्या आवृत्त्यांत कन्करंटली बांधलेला इंडेक्स खराब होऊ शकत होता, २०२२ च्या जूनमध्ये १४.४ ने ते दुरुस्त केलं.

व्हॅक्यूम फुलला माझ्याकडून शून्य. टेबल पूर्ण कुलूपबंद करून नव्याने लिहितं. दिवसातून दोनदा संकलन असलेल्या टेबलावर त्याला जागाच नाही. टेबलच फुगलं असेल तर पीजी_रीपॅक घ्या. ट्रिगर लावून बदल टिपत राहतं, शेजारी नवी प्रत बनवतं, आणि पूर्ण लॉक फक्त सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर घेतं. टेबलावर प्रायमरी की किंवा नल नसलेला युनिक इंडेक्स हवा, आणि टेबल व इंडेक्स मिळून जेवढी जागा त्याच्या साधारण दुप्पट मोकळी हवी. चालवण्याआधी एक पर्याय मात्र वाचून घ्या. शेवटचा लॉक साठ सेकंदांत मिळाला नाही तर ते आडव्या येणाऱ्या क्वेरी रद्द करायला लागतं, आणखी थांबावं लागलं तर सेशनच तोडतं. 'नो-किल-बॅकएंड' लावलं की हे टळतं. माझ्या मते तेच मूळ सेटिंग असायला हवं होतं.

पीजी_हिंट_प्लॅनबद्दल विचारलं जातं म्हणून दोन ओळी. पोस्टग्रेसमध्ये स्वतःच्या हिंट (प्लॅनरला 'हाच रस्ता घे' अशा सूचना) नाहीत, हे एक्स्टेंशन कॉमेंटमधून त्या देतं. ऑरॅकलहून आलेल्या लोकांना हायसं वाटतं. मध्यरात्री आग विझवायला ठीक, तिकीट उघडं ठेवा आणि महिन्याभरात काढा.

नको असलेले इंडेक्स शोधायला पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेस हा कुठला इंडेक्स कितीदा वापरला ते दाखवणारा तक्ता पुरे आहे. १६ पासून शेवटचा वापर कधी झाला ती वेळही त्यात दिसते. आकडा शून्य दिसला म्हणून लगेच ड्रॉप करू नका: रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर) रिपोर्ट चालत असतील तर तिथला वापर इथे मोजला जात नाही, आणि युनिक इंडेक्स कधी स्कॅन झाला नाही तरी डुप्लिकेट पावती अडवायचं काम करत असतोच.

आमचं प्रॉडक्शन सध्या १६ वर आहे. टेस्ट सर्व्हरवर २०२५ ची १८ लावली आहे. त्यात एक्स्प्लेन ॲनलाइजला बफर्स आपोआप येतात, आणि पीजी_अपग्रेडने वर गेलं तरी प्लॅनरची बहुतेक आकडेवारी सोबत येते. अपग्रेडनंतरची ती भयाण सकाळ, जिथे ॲनलाइज पूर्ण होईपर्यंत प्लॅनर अंधारात चाचपडतो, ती आता बरीच सुसह्य व्हावी. तिसरी गोष्ट स्किप स्कॅन: इंडेक्सच्या पहिल्या कॉलमवर अट नसली तरी तो नीट वापरता येतो. आमचा एक जुना इंडेक्स वेळ, दिनांक आणि संस्था असा आहे. वेळ म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ, दोनच किमती. वेळेची अट नसेल तर १६ मध्ये तो इंडेक्स जवळपास पूर्ण चाळावा लागतो, म्हणून दिनांकावर दुसरा इंडेक्स ठेवावा लागलाय. १८ वर हायपोपीजीने तो दुसरा लपवला, दहा दिवसांच्या बिलाची क्वेरी एक्स्प्लेन केली, आणि प्लॅनरने जुनाच घेतला. आता दरफरकाच्या गर्दीत कशालाही हात लावत नाही. दिवाळी होऊ दे, मग तो काढायचा का ते ठरवेन.